टाकलेली कोरफड

कोरफडीचा धंदा करू नये. रोपंच विकायची असतील तर गुलाब विकावा. गुलाब गिऱ्हाइकाच्या हातून हमखास मरतो आणि गिऱ्हाईक तोंड पाडून परत येतं. कोरफड मरत नाही. पाणी घालायला विसरलात तरी जगते, गच्चीच्या कोपऱ्यात फुटक्या बादलीत जगते, आणि वर्ष सरायच्या आत बुडाशी पिल्लं घालते. त्यातलं एक शेजारी जातं, एक विहिणीकडे, एक मुलीच्या शाळेतल्या बाईंकडे. म्हणजे मी एक रोप विकलं की तेवढ्या घरांतली गिऱ्हाइकं कायमची गेली. शिवाय ती घरं पुढे रोपं फुकट वाटणार ते वेगळंच. एवढं कळत असूनही मी जन्मभर म्हैसुरात कोरफडीसाठीच ओळखली गेले. बोगादी रस्त्याला माझी नर्सरी होती. पाटीवर देवाचं नाव होतं, पण लोक विचारत येत ते ‘लोळेसर अक्का’ कुठे बसते म्हणून. कोरफडीला कन्नडात लोळेसर म्हणतात.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातलं काही लिहा, भाषेची काळजी करू नका, आम्ही नीट करून घेऊ. मी म्हटलं, नीट करायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आमचे पूर्वज शिपाईगिरी करत या मुलखात आले आणि इथलेच झाले. घोडी गेली, तलवारी गेल्या, भांडायची खोड राहिली, ती सगळी माझ्या वाट्याला आली. नवरा बेळगोळला एका कारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागलं आणि हा माणूस घरात बसला तो बसलाच. मी डोक्यावर टोपली घेऊन रोपं विकत फिरले, मग हातगाडी, मग रस्त्याकडेची भाड्याची जागा. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. सासरच्यांनी नावं तेवढी ठेवली, तीही न मागता.

मग कोरफडच का, असं कुणी विचारेल. तर दारासाठी.

इकडे नव्या घराच्या, दुकानाच्या दारावर कोरफड टांगतात. कुंडीतली नव्हे. अख्खं रोप मुळासकट उपटायचं, माती झटकायची, काळ्या दोऱ्यानं बुडाशी बांधायचं आणि चौकटीच्या वर उलटं टांगायचं. मुळं वर, पानं खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याची वाईट नजर, जिला इथे सगळे दृष्टी म्हणतात, ती आधी त्या रोपावर पडते आणि घर वाचतं. माती नाही, पाणी नाही, तरी ते रोप महिनोन् महिने जगतं, कारण पानांच्या पोटात पाणी साठवलेलं असतं. टांगल्यावर थोड्या दिवसांनी पानांची टोकं हळूहळू वर वळायला लागतात. तुम्ही झाड कसंही टांगा, त्याला आभाळ कुठे आहे ते कळतं.

दसरा आला की जुनं उतरवायचं, नवं टांगायचं. माझा धंदा तो हा. कुंडीतली कोरफड एकदाच विकली जाते, दारावरची दरवर्षी. उतरवलेलं रोप पुन्हा मातीत लावायचं नाही, त्याचा गर काढायचा नाही. वर्षभराची नजर त्यात भरलेली असते. ते तिठ्यावर नेऊन ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. हा रिवाज मी काढलेला नाही. मी तो फक्त गिऱ्हाइकाला जरा ठासून सांगत असे.

बाजारात समोरासमोर दोन साड्यांची दुकानं होती. मालक सख्खे चुलतभाऊ. एकानं माझ्याकडून रोप नेऊन टांगलं. दुसऱ्या दिवशी दुसरा हजर.

“त्याच्यापेक्षा दोड्डदु कोडी, अक्का.” म्हणजे मोठं द्या.

मी मोठं दिलं आणि भावही मोठा लावला. पुढच्या अमावास्येला पहिला परत आला. असं करत करत दोघांच्या दारावर इतक्या कोरफडी झाल्या की बायकांना वाकून आत जावं लागे आणि अंबाड्यात काटे अडकत. शेवटी पहिला मला म्हणाला, “खरं सांगा अक्का, त्याला जास्ती जोरदार झाड दिलंत ना, हौदल्ला?”

मी म्हटलं, “झाडं एकाच वाफ्यातली आहेत. नजर तुमची जास्त जोरदार आहे.”

मला वाटलं आता चिडणार. तो खूश झाला. आणखी एक रोप घेऊन गेला.

तेव्हा लोकांच्या मत्सरावर माझी चूल पेटत होती, हे मी नाकारत नाही. मुलीची फी त्यातूनच गेली.

कुंडीतली कोरफड नेणारी गिऱ्हाइकं वेगळी. ती प्रेमळ असतात आणि प्रेमानंच झाड मारतात. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात. बुंधा कुजला, पानं चिखलासारखी मऊ झाली, की मला येऊन म्हणतात, “अक्का, तुमचं रोप खराब होतं.” मग माझा आवाज चढे. कुंडीला खाली भोक हवं, मातीत निम्मी जाडी रेती हवी, आणि मातीत बोट घालून ती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालायचं, एवढंच असतं. पिल्लू वेगळं केलं तर लगेच लावायचं नाही. सावलीत ठेवून त्याची जखम सुकू द्यायची. माणसं ओली जखम झाकतात तसं झाडाचं करता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पिवळा चीक. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक गळतो. पान उभं करून तो सगळा गळू द्यायचा, मग धुवायचं, मग साल काढून आतला पांढरा गर घ्यायचा. त्वचेला लावायच्या आधी कोपराच्या आत थोडा लावून बघायचा. एक प्राध्यापक होते. टीव्हीवर कुणाला तरी बघून त्यांनी पान मिक्सरमध्ये घातलं, चिकासकट, आणि पेलाभर प्यायले. त्या दिवशी ते कॉलेजात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन भांडले, आणि मी त्यांच्याशी दुप्पट भांडले. “मी तुम्हाला लावायला दिलं होतं, प्यायला नव्हे. पोटात घ्यायचं तर डॉक्टरला विचारा, नर्सरीवालीला नको.” जाताना त्यांनी मोगऱ्याची दोन रोपं नेली. भांडून गेलेलं गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच जातं. लाजेनं.

वसुधाबाई मात्र भांडल्याच नाहीत. तिथूनच सगळं सुरू झालं.

मुलाला इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून हे कुटुंब पुण्याहून आलं आणि बोगादीत नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला लागलं. दसरा होऊन गेला होता. ही बाई नर्सरीत आली आणि म्हणाली, “मावशी, ही मातीची कुंडी कशी दिली?”

मी वर बघितलं. मावशी म्हणणारी बाई माझ्याच वयाची होती, केस तेवढे काळे केलेले. मी भाव सांगितला. अशा वेळी गिऱ्हाइकानं अर्ध्यावर यावं, मी कपाळाला हात लावावा, तिनं चार पावलं जाऊन परत यावं, असं असतं. या बाईनं पर्स उघडली आणि सांगितला तेवढा भाव हातावर ठेवला. घासाघीस न करणाऱ्याला वाटतं आपण मोठं मन दाखवलं. विकणाऱ्याला कळतं, आपण कमी सांगितला.

“रोप नको का?” मी विचारलं.

“रोप आहे हो माझ्याकडे, कोरफडीचं. थोडी जाडी रेती मिळेल?”

रेती मी दिली. पाणी बेतानं घाला, असंही सांगितलं. पुढे त्या झाडाचं जे काही कौतुक झालं, त्यातली कुंडी माझी, रेती माझी, सल्लाही माझा. हे लिहून ठेवते, कारण कुणी कधी बोललं नाही.

दोन-तीन वर्षांत त्या बाईंची गच्ची कोरफडीनं भरली. रंगाचे डबे, तेलाचे कॅन, फुटकी बेसिनं, सगळ्यात कोरफड. आणि वसुधाबाई रोपं वाटत सुटल्या. फुकट. वर एक पान कापून गर कसा काढायचा ते दाखवत, खोबरेल तेलात मुरवून केसांना कसा लावायचा ते सांगत, आणि चहा पाजत. माझ्या नर्सरीसमोरून बायका पिशवीतून रोपं घेऊन जायच्या, आणि पिशवीतून बाहेर आलेली पानं बघून मला कळायचं कुठून आली. रुंद, मांसल, निळसर हिरवी पानं. माझ्या वाफ्यातली तशी का होत नाहीत, हे मी रोज सकाळी वाफ्यासमोर उभी राहून बघायचे. शेणखत बदललं, ऊन बदललं. माझीही चांगली होती. पण चांगलं आणि ‘बाई गं, काय झाड आहे’ यात फरक असतो. तो मला दिसत होता. धंद्यातल्या माणसाला खोटं बोलता येतं, पण डोळ्याला नाही.

“वसुधाताईंचा हातगुणच वेगळा,” असं बायका माझ्यासमोर म्हणायच्या. माझ्या नर्सरीत उभ्या राहून, माझ्या कढीपत्त्याचा भाव पाडताना.

एवढं मी सोसलं असतं. पण माझी मुलगी कावेरी तिकडे जायला लागली.

कावेरी कुंड्यांमध्ये वाढली. तिला मातीचा तिटकारा. कॉलेज झालं, ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, आणि या मुलीनं कधी एका रोपाला हात लावला नाही. एकदा तिच्या मनगटावर गरम तेल उडालं, तर ती माझ्याकडे न येता थेट वसुधाबाईंकडे गेली. मला दुसऱ्या दिवशी पट्टी दिसली.

“काकूंनी सांगितलं,” ती म्हणाली, “आधी नळाखाली हात बराच वेळ धरायचा, गार झाल्यावरच गर लावायचा, फोड आले तर डॉक्टर.”

“हेच मी सांगितलं असतं.”

“तू आधी ओरडली असतीस. मग सांगितलं असतंस.”

“आणि झाडं? तुला कधी कुंडी हातात धरवली नाही. आता काय त्यांच्या गच्चीवर पिल्लं वेगळी करायला शिकतेस?”

“आई, सुम्ने, उगाच भांडू नको. मी लहान असताना हात लावला की तू म्हणायचीस, लावू नको, विकायचं आहे.”

विकायचंच होतं. हौसेची झाडं ज्यांच्या घरी पगार येतो त्यांच्याकडे असतात. तिच्या नखांत माती होती, ती बघत बसले. ती माती माझ्या नर्सरीतली असती तर मी तिला त्या दिवशी गोडाचं करून घातलं असतं.

त्याच वर्षी आमच्या इथल्या मराठी बायकांच्या मंडळानं हळदीकुंकवाला कार्यक्रम ठेवला, ‘घरच्या घरी कोरफड’. बोलायला वसुधाबाई. मला निरोप आला, स्टेजच्या सजावटीसाठी थोड्या कुंड्या पाठवता का. मी कुंड्या घेऊन स्वतः गेले. वाटलं, समोर बसल्यावर मलाही बोलायला सांगावं असं कुणाच्या तरी मनात येईल. कुणाच्या आलं नाही. मी दुसऱ्या रांगेत बसले आणि माझ्याच कुंड्यांच्या मधून वसुधाबाईंचं भाषण ऐकलं. बोलल्या बऱ्या. काही चुकीचं सांगितलं असतं तर मी उठून बोलणार होते, पण तेही त्यांनी केलं नाही.

टेबलावर त्यांनी मूळ झाड आणून ठेवलं होतं, ज्याच्यापासून बाकीची सगळी झाली. कार्यक्रम संपल्यावर बायका तिळगूळ घ्यायला गेल्या आणि मी झाडाजवळ गेले.

त्याच्या बुंध्याला बाक होता. सरळ वाढलेल्या कोरफडीला असा बाक येत नाही. खाली डोकं करून टांगलेलं झाड वर वळतं तेव्हा गळाच्या आकड्यासारखा बाक पडतो, आणि पुन्हा मातीत लावलं तरी तो जात नाही. त्या बाकाच्या खाली बुंध्याभोवती एक बारीक खाच होती. दोऱ्याची नव्हे. तारेची. सगळ्या म्हैसुरात दृष्टीची कोरफड दोऱ्यानं बांधतात. तारेनं फक्त एकाच ठिकाणी बांधत, माझ्या नर्सरीच्या फाटकावर, कारण रस्त्यावरच्या लॉऱ्यांच्या धक्क्यानं दोरा तुटायचा.

मी वसुधाबाईंना विचारलं, “हे कुठून आणलंत?”

“अहो, गंमतच आहे. आम्ही नवीन आलो तेव्हा इथल्या तिठ्यावर पडलं होतं. कुणीतरी टाकून दिलेलं. जीव होता त्यात, म्हणून उचललं. इतकं चांगलं झाड टाकवतं कसं हो लोकांना?”

त्या दिवशी घरी चालत जाताना मी इतकी खूश होते की रिक्षावाल्याशी भांडायचं विसरले. माझ्या फाटकावर वर्षभर टांगलेलं झाड. या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक नर्सरीवाल्याची, प्रत्येक भाऊबंदाची नजर प्यायलेलं. मी स्वतः नेऊन तिठ्यावर ठेवलेलं. त्याची पिल्लं आज बोगादीतल्या घराघरांत, आणि त्याचा गर बायकांच्या तोंडाला. मी एक शब्द बोलले की गच्ची रिकामी. कुणाला सांगायचं, कुठे सांगायचं, आवाज किती ठेवायचा, सगळं मी घर येईपर्यंत ठरवलं.

मग हातपाय धुऊन बसले आणि धंद्याचं डोकं चालायला लागलं.

ते झाड घरात आल्यापासून वसुधाबाईंचं काय वाईट झालं? मुलाला बढती मिळाली. नात झाली. यजमान सकाळी फिरायला जातात, धडधाकट. आणि ज्यांनी पिल्लं नेली त्यांचं? त्यांचंही बरंच चाललेलं. मग मी चारचौघांत उभी राहून सांगणार काय? की दृष्टीची टाकलेली कोरफड घरात लावली तर काही होत नाही, उलट भरभराट होते? एवढं ऐकल्यावर पुढच्या दसऱ्याला जुनं उतरवून नवं विकत घ्यायला कोण येणार होतं? ज्या रिवाजावर मी पोट भरलं तोच मी माझ्या तोंडानं मोडला असता. आणि कुणी विश्वास ठेवलाच नसता तर, अक्का जळते, एवढंच उरलं असतं. हातात असा हुकमी पत्ता यावा आणि तो टाकला तर आपलाच डाव जावा, असं माझ्या सगळ्या आयुष्यात एकदाच झालं. मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना याची किंमत कळेल.

पुढे कावेरीनं आणि जावयानं शहराबाहेर येलवालला घर बांधलं. वास्तुशांतीच्या आधी ती नर्सरीत आली.

“दाराला काकूंचं रोप टांगायचं,” ती म्हणाली. “मी विचारलं त्यांना. देते म्हणाल्या.”

मी हातातली सुरी खाली ठेवली. “माझ्याकडे वाफेच्या वाफे भरलेत.”

“गोत्तु, आई. माहीत आहे. पण त्यांचा हातगुण चांगला आहे. सगळे म्हणतात.”

“आणि माझा?”

“तू विकतेस ना, अल्वा? विकण्यात हातगुण कसा कळणार?”

“त्यांचं रोप दाराला चालणार नाही.”

“का?”

“नाही चालणार.”

“कारण सांग ना. कारण नाही, म्हणून तू ओरडणार आता.”

मी ओरडले नाही, यावरूनच तिनं काहीतरी ओळखायला हवं होतं. कारण माझ्याजवळ होतं आणि सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी त्या झाडानं काही केलं नाही, हे मला पटत होतं. पण माझ्या मुलीच्या नव्या दारावर, माझ्याच फाटकावरची ती सगळी नजर पिल्लाच्या रूपानं पुन्हा चढायची, हे मला पटत नव्हतं. दोन्ही एकदम खरं कसं, हे मला विचारू नका. तुमच्या मुलीच्या दाराचा प्रश्न येऊ दे, मग बघू.

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे मी वाफ्यातलं सगळ्यात देखणं रोप उपटलं, धुतलं, ओल्या फडक्यात गुंडाळून नारळांच्या पिशवीत तळाशी ठेवलं. तिकडे कावेरीनं वसुधाबाईंचं पिल्लू माझ्या हातात दिलं. “तूच बांध. गाठ तुझीच पक्की.” मी ते आणि नारळांची पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले, दार लोटलं, दोरा बांधला आणि बाहेर आले. बाहेर आलं ते माझं होतं. वसुधाबाईंचं नारळांखाली गेलं.

मी स्टुलावर चढले. स्टूल धरायला आल्या त्या वसुधाबाईच.

“उलटं बांधता?” त्यांनी विचारलं. “दुकानांवर बघितलं होतं मी, पण मला वाटायचं शोभेचं असतं, प्लास्टिकचं. मरणार नाही ना?”

“मरत नाही,” मी म्हटलं.

कावेरीच्या सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना कुणी न विचारता सांगायची सवय. “दृष्टीसाठी असतं ते. वर्षानं उतरवायचं आणि तिठ्यावर टाकून यायचं. त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही.”

स्टूल जरा हललं. मी खाली बघितलं. वसुधाबाईंचा चेहरा उतरला होता. “तिठ्यावर?” त्यांनी विचारलं, सासूबाईंना नव्हे, मला.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला काही करायची गरजही नव्हती, नुसतं हो म्हणायचं होतं. मागे कावेरी आरतीचं तबक घेऊन उभी होती.

“सगळेच टाकत नाहीत,” मी म्हटलं. “पुष्कळ लोक कुंडीतही लावतात. काही होत नाही.”

माझ्या धंद्यात मी उच्चारलेलं हे सगळ्यात तोट्याचं वाक्य. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आता लोळेसर अक्काचं वय झालं. मी हे वसुधाबाईंसाठी बोलले असं कुणी समजू नये. माझ्या मुलीच्या दारात शुभ दिवशी कुणाचं तोंड उतरलेलं मला नको होतं.

वसुधाबाईंनी स्टूल पुन्हा घट्ट धरलं. मग मान वर करून टांगलेल्या रोपाकडे बराच वेळ बघितलं, पानांकडे, बुंध्याकडे. “छान निगा राखलेलं रोप आहे,” त्या म्हणाल्या.

आपल्या गच्चीवरच्या रोपाबद्दल कुणी असं बोलतं का? त्यांनी ओळखलं होतं की सहज बोलल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं पिल्लू मी पिशवीतून परत आणलं. तिठ्यावर ठेवायला गेले होते, पण भरदिवसा तिथे फळवाला उभा होता, त्यामुळे राहिलं. ते मागच्या दारी लावलं आहे. कसं आलंय ते मी सांगणार नाही.

येलवालच्या दारावरच्या कोरफडीला पुढच्या उन्हाळ्याआधी फूल आलं. टांगलेल्या झाडाला फूल क्वचित येतं. दांडा आधी खाली निघाला, मग वळून वर गेला आणि टोकाला पिवळ्या घंटा लागल्या. अख्खी गल्ली बघायला आली. कावेरीनं फोटो काढला आणि पहिला वसुधाबाईंना पाठवला. मग मला फोन केला.

“आई, काकूंचं रोप फुललं. सगळे म्हणतात, असा हातगुण बघितला नाही. तू एवढी वर्षं टांगायची रोपं विकलीस, तुझ्याकडच्या कुठल्या रोपाला दारावर असं फूल आलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही.”

नर्सरी आता नाही. मालकानं जागा विकली, तिथे इमारत उभी आहे. दसऱ्याला माझ्याकडून कुणी काही घ्यायचं नाही, तेव्हा मी काय बोलले यानं माझा धंदा बुडायचा नाही. कावेरी घरात मराठी बोलते पण वाचत नाही, कन्नड आणि इंग्रजीत शिकली. ती हा अंक उघडणार नाही. पण वसुधाबाई मंडळात येणारा प्रत्येक दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे.

तर वसुधाबाई, तुमच्या गच्चीवरची सगळी झाडं तुमची. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कापा आणि वापरा. येलवालच्या दारावर फुललं ते माझं. कावेरीला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.